कूस

दहा, बारा, दोन, चार, सहा. कूस बदलल्याच्या तक्त्यावर रात्रीचे पाच चौकोन आणि पाचही चौकोनांत बरोबरची खूण. निळ्या पेनाची, सारख्या जोराची, शेपूट सारखंच वर गेलेलं. रात्री दहाला माणूस जसा लिहितो तसा पहाटे चारला लिहीत नाही. चारचं अक्षर ओळ सोडून खाली उतरतं, पेन कागदावर रेंगाळतं. हे मला कुणी शिकवायला नको, माझी कितीतरी वर्षं नाईटमध्ये गेली आहेत. तो तक्ता सकाळी साडेसहाला, हँडओव्हरच्या आधी, एका दमात भरलेला होता.

खाटेवर आजी होत्या. पॅरालिसिसचा झटका येऊन नववा दिवस. त्यांना कुशीवर घेतलं तर माकडहाडावर रुपयाएवढी कातडी सुटलेली. बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने दाबाने होणारी जखम. आदल्या दुपारी मी स्वतः पाहिलं तेव्हा तिथे काही नव्हतं, किंवा मला दिसलं नव्हतं. या दुसऱ्या शक्यतेकडे मी पुढे येणार आहे.

नाईटची मुलगी समोर उभी होती. सुरगाण्याकडची, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. खांद्याला पर्स, डोळे तांबारलेले. मी तक्त्याकडे पाहतेय हे दिसताच तिने मान खाली घातली. रागावण्याचे सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, आणि त्या पाच खुणांकडे पाहता पाहता मला माझ्याच खुणा आठवल्या. पहिल्या नोकरीत मीही असे तक्ते भरले आहेत. रिकामा चौकोन दिसला की बोलणी बसतात, भरलेल्या चौकोनाबद्दल कुणी विचारत नाही, हे नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात कळतं. मी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "रात्री काय काय झालं ते सांगतेस?"

तीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड, दोघी नर्स, एक मावशी. साडेअकराला एक पेशंट सिरियस झाला, त्याला आयसीयूत पोचवायला एकजण गेली ती दीड तास तिकडेच अडकली. मधल्या वेळात दोन नवीन ॲडमिशन. एका काकांनी भ्रमात सलाईन ओढून काढलं, चादर रक्ताने भरली. दोन वाजताची इंजेक्शनं संपायला सव्वातीन झाले. चारला ही आजींपाशी गेली होती. एकटीने कूस द्यायला बघितलं, कमरेत कळ आली, आजी कण्हल्या, तिने उशी होती तशीच सारली आणि सोडून दिलं.

"मी गेले होते मॅडम," ती म्हणाली, "पण झालं नाही."

आमच्या तक्त्यात 'गेले होते, पण झालं नाही' याला चौकोनच नव्हता.

तो तक्ता मी बदलला नाही. त्याच्या खाली लाल पेनाने खरी हकिगत लिहिली, दोघींनी सह्या केल्या, आणि तिच्यावर कारवाई होऊ नये म्हणून मी स्वतः मेट्रन मॅडमकडे गेले. बेडसोर कमी करायच्या आमच्या क्वालिटी प्रोजेक्टच्या फाईलवर वेगळी तारीख आहे. माझ्या मनात ते त्या सकाळीच सुरू झालं.

नाशिकमध्ये नर्सिंग शिकलेल्या बाईला संशोधन हा शब्द परका नसतो. १९९८ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलं, दिंडोरी रोडवर म्हसरूळला. राज्यभरातल्या नर्सिंगच्या पदव्यांवर त्याचा शिक्का असतो. मी नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी, केलं तेव्हा 'एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस' हा हमखास येणारा प्रश्न होता, आणि मी त्याचं उत्तर तोंडपाठ केलं होतं: उपलब्ध असलेलं चांगल्यात चांगलं संशोधन, नर्सचा अनुभव आणि समोरच्या पेशंटची इच्छा व परिस्थिती, ही तिन्ही एकत्र धरून निर्णय घ्यायचा. उत्तराला मार्क मिळाले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले आणि वर्षानुवर्षं करत होते तेच करत राहिले. कॉलेजच्या लायब्ररीत सोनेरी अक्षरांच्या प्रबंधांची रांगच्या रांग असते. त्यातल्या बऱ्याच प्रबंधांचा साचा एक: अमुक विषयावर नर्सेसना आधी किती माहिती होती, शिकवल्यावर किती वाढली. माहिती वाढतेच. त्यानंतर खाटेवरच्या माणसाच्या पाठीचं काय झालं, हे फार थोडे विचारतात. मुली मेहनत कमी करतात म्हणून असं होतं असं मी म्हणणार नाही. वॉर्डात उभं राहून महिनोन्महिने मोजणी करायला त्यांना वेळ कोण देतं, वॉर्ड कोण देतं?

मोजणीवरून आठवलं. आमच्या शपथविधीला आम्हा सगळ्यांच्या हातात दिवे होते, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या आठवणीचे. दिवा सगळ्यांना माहीत आहे. १८५४ मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेलेल्या या बाई परतल्यावर आकडे घेऊन बसल्या, आणि क्रिमियाच्या युद्धात लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी सैनिक जास्त मेले, हे त्यांनी महिन्यामहिन्याच्या मृत्यूंची पाकळ्यांसारखी रंगीत आकृती काढून १८५८ मध्ये सरकारपुढे ठेवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. शिकवताना यावर आम्हाला कुणी फार थांबवलं नाही. मला आज वाटतं, शपथविधीला दिव्यासोबत एक रेघांची वहीसुद्धा द्यायला हवी.

आता स्पिरिट-पावडरबद्दल लिहायलाच हवं, कारण ते मला अजून बोचतं.

शिकताना बॅक केअर म्हणजे स्पिरिट आणि पावडर. पाठ पुसायची, स्पिरिट लावायचं, वरून पावडर टाकायची आणि तळहाताने गोल गोल चोळायचं. जिथे लाल दिसेल तिथे जास्त. ट्यूटर मॅडम मागे उभ्या राहून पाहायच्या. मी ते जीव ओतून केलं. थंडीच्या रात्री स्पिरिट गार लागू नये म्हणून आधी तळहातावर घोळवून घ्यायची. कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी डोळे मिटून "बरं वाटलं गं पोरी" म्हटलेलं अजून कानात आहे. आणि आता जगभरातल्या मार्गदर्शक सूचना एकच सांगतात: हाडावरची कातडी लाल झाली असेल तर तिथे चोळू नका. आतल्या बारीक रक्तवाहिन्या दाबाने आधीच दुखावलेल्या असतात, चोळण्याने आणखी तुटतात. स्पिरिटने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन नावाच्या नर्सने सहकाऱ्यांबरोबर म्हाताऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. या जखमांवर खरा उपाय म्हणजे अंगावरचा दाब नियमाने हलवणं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, हे त्यातून पुढे आलं. १९६२. माझा जन्मही झालेला नव्हता. मी ज्या वर्षी चोळायला शिकले त्या वर्षी हे कुठेतरी छापून पडलेलं होतं.

हे नीट वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टीने इजा होऊ शकते हे पचवायला वेळ लागतो. माझ्याबरोबरीच्या एका सिस्टरने तर वाचायलाच नकार दिला. "मग आपण इतकी वर्षं काय केलं?" ती म्हणाली. तिचा राग मला कळत होता. मी तिच्याशी वाद घातला नाही. आम्ही दोघींनी मिळून स्पिरिटची बाटली बॅक केअरच्या ट्रेमधून काढली आणि तिच्या जागी कातडीला ओलावा देणारं साधं क्रीम ठेवलं. हात फिरवायचाच असेल तर खांद्यावर, दंडावर फिरवा, असं ठरवलं. पेशंटला हवा असतो तो हात. तो आम्ही सोडला नाही.

पुढच्या गोष्टी शिकायला सोप्या होत्या. ॲडमिशनच्या वेळीच बेडसोरचा धोका मोजणारा ब्रेडन स्केल भरायचा. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी तयार केलेला हा तक्ता १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखतंय-खुपतंय हे पेशंटला कळतं का, अंग ओलं राहतं का, तो उठतो-चालतो किती, स्वतःहून कूस बदलतो का, खातो काय, आणि सरकताना कातडी चादरीवर घासते का, एवढ्या सहा गोष्टींना गुण. एकूण ६ ते २३. १८ किंवा त्याखाली आला की धोका. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी केलेलं ब्लँकेट. कुशीवर पूर्ण उभं न करता तीस अंशांएवढंच कलतं ठेवायचं, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो.

एक गोष्ट मात्र मावशींनी दाखवली. नळीने दूध देताना खाटेची डोक्याकडची बाजू उंच करावी लागते, नाहीतर ठसका लागून दूध फुप्फुसात जायची भीती. "सिस्टर, उंच केलं की हे बाबा खाली घसरत्यात," मावशी म्हणाल्या, "आन् आपण काखेत धरून वर ओढतो. चादर तशीच राहती, कातडी ओढली जाती." पुस्तकात याला मोठं नाव आहे. बावीस वर्षं चादरी बदलणाऱ्या बाईने ते नाव न वाचता ओळखलं होतं. तेव्हापासून आधी गुडघ्याखाली उशी, मग डोकं वर.

आणि आता निफाडकडचा तो बागायतदार.

वडिलांना झटका आला म्हणून घेऊन आला होता. नोव्हेंबर होता, हवा ढगाळ, द्राक्षाची बाग ऐन फुलोऱ्यात. अशा हवेत डाऊनी ही बुरशी येते आणि दोन दिवसांत सगळं हातचं जातं. त्यामुळे हा माणूस बापाच्या खाटेशी बसून दिवसभर फोनवर भावाला सांगत असायचा, कोणतं औषध, किती पाण्याला किती. मांडीवर एक लांबडी वही. मी सहज विचारलं तर त्याने उघडून दाखवली. तारीख, वेळ, औषध, प्रमाण, हवा कशी होती, फवारणी कुणी केली. एक्स्पोर्टची बाग. युरोपात माल जायचा तर ही नोंद लागते, औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माल नाकारला जातो. "वही खोटी लिहिली तर पुढं लॅबमध्ये उघडं पडतं सिस्टर," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, बाबांची कूस बदलायला आम्हाला मदत कराल का? कशी धरायची, कुठे पाहायचं ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर त्याने त्याच वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले होते. वेळ, कूस, कातडी, कुणी केलं. 'कातडी'च्या रकान्यात खुणा नव्हत्या, शब्द होते. माकडहाड, बरं. उजवी टाच, बरी. खुबा, जरा ओलसर, पुसला. तिसऱ्या रात्रीच्या ओळीत लिहिलं होतं: डाव्या कानामागं गरम, टणक.

मी वाकून पाहिलं. मला काही दिसेना. बाबांचा रंग उभं आयुष्य उन्हात काढलेल्या माणसाचा, मानेकडे तर काळाभोर. लाली म्हणावी असं काहीच नव्हतं. मग बोटाची मागची बाजू लावली. आजूबाजूच्या कातडीपेक्षा तेवढीच जागा ऊन, आणि दाबल्यावर कच्च्या पेरूसारखी घट्ट. त्यावरून ऑक्सिजनची नळी गेली होती. तीन दिवस, चोवीस तास, त्याच जागी. आम्ही पाठ बघत होतो, टाचा बघत होतो. कानामागे कुणी बघितलंच नव्हतं. नळीखाली मऊ गॉजची घडी ठेवली, नळीची जागा बदलली, दोन दिवसांत ते बसलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अंधारात दिसत नव्हतं, म्हणून हात लावून बघत होतो."

त्या उत्तराने मला खाली बसवलं. दाबाची पहिली खूण म्हणजे न जाणारी लाली, बोटाने दाबा, पांढरी पडली नाही तर सावध व्हा, असं आम्ही शिकलो. हे गोऱ्या कातडीवर दिसतं. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली लपते, म्हणून तिथे ऊब, कडकपणा, दुखरेपणा हाताने तपासा आणि शेजारच्या जागेशी ताडून पाहा, हे मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. पण आमच्या फॉर्मवर छापलं होतं: 'लाली: आहे / नाही'. नाशिक जिल्ह्यातल्या शेतात, वीटभट्टीवर, बांधकामावर रापलेल्या माणसांच्या पाठी आम्ही दुसऱ्या देशाच्या रंगाने तपासत होतो. आजींच्या माकडहाडावर आदल्या दुपारी 'काही नव्हतं' असं मी वर लिहिलं ना, तिथे बहुधा एवढंच होतं की लाली नव्हती. हात मी लावला नव्हता. सुरगाण्याच्या त्या मुलीच्या पाच खोट्या खुणांबरोबर माझी एक खूणही त्या कागदावर होती.

फॉर्म बदलला. लालीच्या जागी 'हात लावून: गार / ऊन, मऊ / टणक, दुखतं का', आणि अवयवांच्या यादीत कान, नाक, कॅथेटरच्या नळीखालची मांडी. तक्त्यावरच्या छापील वेळा आम्ही काढून टाकल्या. खरी वेळ हाताने लिहायची. शेवटचा रकाना 'झालं नाही, कारण'. या रकान्याला सगळ्यात जास्त विरोध झाला. कागदावर कमतरता लेखी ठेवायची म्हणजे स्वतःच्या हाताने पुरावा देणं, असं वरिष्ठांपैकी काहींना वाटलं, आणि कोर्टकचेरीच्या दिवसांत ती भीती अगदीच खोटी नाही. मेट्रन मॅडम पाठीशी उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, तीन महिने लिहू दे, मग बघू.

पहिल्या पंधरा दिवसांत त्या रकान्यात जे आलं ते वाचून पेशंटची शुश्रूषा सुधारायला निघालेलं आमचं प्रोजेक्ट नर्सकडे वळलं. 'एकटी होते.' 'आयसीयू शिफ्टिंग.' 'कंबर धरली.' 'इंजेक्शन राउंड चालू.' एकीने लिहिलं होतं, 'विसरले, डोळा लागला, माफी.' शेवटच्या शब्दाने मला फार वाईट वाटलं.

कंबरेचं आधी बघितलं. अमेरिकेतल्या निऑश या कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या एका तज्ज्ञाने २००७ मध्ये हिशोब मांडला की पेशंट हाताने उचलताना एका माणसावर ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार येऊ नये. आमच्याकडे पासष्ट किलोंचे बाबा पंचेचाळीस किलोंची पोरगी एकटी वळवत होती. महागडी यंत्रं आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याला परवडणारी नाहीत. ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, मात्र प्रत्येक खाटेवर असते. ती दुहेरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत घ्यायची, दोन बाजूंना दोघी, खाट कमरेच्या उंचीला, गुडघे थोडे वाकवून, आणि मोजून एकदम. एकटीने कूस द्यायचीच नाही असा नियम केला. धोक्यात असलेल्या आठ-दहा पेशंटची जोडीने एक फेरी. इंजेक्शनच्या राउंडवर ती पडू नये अशी वेळ त्या-त्या रात्रीच्या मुलींनी ठरवायची.

झोपेचं प्रकरण जड गेलं. रात्रपाळीत प्रत्येकीला अर्धा तास आडवं होऊ द्या, अशी मागणी मी मीटिंगमध्ये मांडली. "म्हणजे नर्सना झोपायचा पगार द्यायचा?" असा प्रश्न आला. मी तयारी करून गेले होते. आमच्या मुली पहिल्या नाईटच्या दिवशी सकाळी सहाला उठतात. नळाला पाणी, डबे, मुलांची शाळा, स्वयंपाक. दुपारी झोप ही घरात कुणी देत नाही. रात्री अकराला त्यांना जागून सतरा तास झालेले असतात. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये माणसांना जागं ठेवून हाता-डोळ्यांच्या मेळाची चाचणी घेतली. सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरली होती. आपल्या देशात गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे जिला द्वारका चौकात पोलिसाने गाडी चालवू दिली नसती, तिच्या हातात आपण, चुकलं तर जीव घेणारं, पोटॅशियमचं इंजेक्शन देतो.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

परवानगी मिळाली, अटींसह. लिननच्या खोलीत एक घडीची खाट. एकावेळी एक, अर्धा तास, शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला सांगून. उठल्यावर पहिली काही मिनिटं डोकं जड असतं, म्हणून तोंड धुऊन, चहा घेऊन मगच औषधांना हात लावायचा, हा नियम आमचा आम्ही केला. पहिले काही दिवस मुली त्या खाटेवर जायलाच तयार नव्हत्या. कुणी पाहील, कुणी बोलेल. शेवटी मी स्वतः एक नाईट केली आणि सगळ्यांदेखत अर्धा तास झोपले.

इतर लहानसहान गोष्टी झाल्या त्या झाल्या. औषधं काढताना मध्ये कुणी बोलायचं नाही, नातेवाइकांना तसं दारावर लिहून ठेवलं. सिडनीच्या दोन रुग्णालयांतल्या एका अभ्यासात प्रत्येक व्यत्ययामागे चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या होत्या, तो कागद आम्ही औषधांच्या ट्रॉलीच्या आत चिकटवला. हँडओव्हर पेशंटच्या खाटेशी उभं राहून, हात लावून द्यायला लागलो. आणि पेशंटला नावाने हाक. मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मास्लाक यांनी नोकरीने पिचून जाण्याची जी लक्षणं सांगितली, त्यांत एक आहे समोरचा माणूस माणूस न वाटणं. 'बेड अकराला उलटी झाली' असं आम्ही सगळ्याच बोलत होतो. मीही.

तिसरी नर्स मात्र मिळालेली नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाच रुग्णांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. आमच्याकडे रात्री पंधरा रुग्णांमागे एक. अमेरिकेतल्या नर्स-संशोधक लिंडा एकेन यांचा पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये आला. ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये, नर्सवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्सची पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. एका पाहणीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी. मी ते अर्जात तसेच शेजारी लिहिले. सोबत तीन महिन्यांच्या 'झालं नाही, कारण'च्या झेरॉक्स जोडल्या. एवढ्या कागदांवर सध्या रात्री बारा ते सहा एक जादा मावशी मिळाली आहे. अर्ज अजून वर आहे, मी दर महिन्याला विचारायला जाते. आपले प्रोजेक्ट कितीही चांगले असोत, दोन हातांनी चार हातांचं काम होत नाही, हे मी तिथे दर वेळी सांगते आणि सांगत राहणार आहे. नर्सच्या मनःस्वास्थ्यावर योगाचं सत्र ठेवा असं सुचवलं जातं तेव्हा मला खरोखर त्रास होतो. योग चांगलाच आहे. पण आधी त्या मुलीला रात्री दुसरी मुलगी द्या.

बेडसोर किती कमी झाले, असं मला विचारतात. एका वॉर्डाच्या काही महिन्यांच्या मोजणीवर मी मोठा दावा करणार नाही. उलट पहिल्या महिन्यात नोंदी वाढल्या, कारण हात लावायला लागलो तशा आधी न दिसलेल्या जागा सापडायला लागल्या. खोल जखमा आता क्वचित दिसतात. मोजणी चालू आहे.

मागच्या आठवड्यात रात्री झोप येईना. पंचवटीतून निघाले, होळकर पुलावर वारा अंगाला झोंबत होता, खाली गोदावरीवर धुकं. न सांगता वॉर्डात गेले. तपासायला नव्हे, खरंच सांगते, फक्त बघावंसं वाटलं. दिवे मंद. कोपऱ्यातल्या खाटेशी सुरगाण्याची ती मुलगी आणि जादा मावशी, ड्रॉ शीटची टोकं गुंडाळून दोन बाजूंना. खाटेवर खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, कळवणच्या. मी दाराशीच थांबले.

"आजी, कूस बदलतोय बरं का. हात छातीवर घ्या. एक, दोन, तीन."

आजी वळल्या. मुलीने कानामागे बोट लावलं, मग पाठीला, मग टाचेला. पोटऱ्यांखाली ब्लँकेट सारलं.

"हळू गं बायांनो," आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "तुमच्या कंबरा सांभाळा."

मुलीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून दिलं, खिशातून पेन काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तक्त्यावर लिहिलं, ४.२०.